आरोग्य विम्याच्या हप्त्यावर करसवलत: कागद, क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात घाईघाईने पॉलिसी घेतली जाते. जूनमध्ये सीएंकडे गेल्यावर कोणती करप्रणाली निवडायची याचा विचार सुरू होतो. जुलैमध्ये पावत्या शोधताना लक्षात येते, की हप्ता वडिलांच्या खात्यातून गेला आहे आणि वजावट मात्र मुलाला हवी आहे. इंदुरातल्या आपल्या ओळखीच्या घरांत हा प्रकार मी इतक्या वेळा पाहिला आहे, की नियम सांगण्यापेक्षा कामांचा क्रम सांगणे मला अधिक गरजेचे वाटते. पुढील टप्पे ज्या क्रमाने दिले आहेत त्याच क्रमाने करावेत; मधला एखादा टप्पा ओलांडून पुढे गेल्यास तो बहुधा नंतर दुरुस्त करता येत नाही.

हा लेख आर्थिक वर्ष २०२५-२६, म्हणजेच निर्धारण वर्ष २०२६-२७ च्या विवरणपत्रासाठी आहे. या वर्षाला आयकर अधिनियम १९६१ लागू आहे. १ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम २०२५ अमलात आला असून त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. त्यामुळे पुढच्या वर्षीच्या कागदांवर ‘८०डी’ (आरोग्य विम्याच्या वजावटीचे १९६१ च्या अधिनियमातले कलम) हा आकडा दिसला नाही, तर सवलत गेली असे समजू नये.

## टप्पा १: ही सवलत आपल्याला लागू आहे का, ते आधी ठरवा

कलम ८०डी खाली मिळते ती वजावट आहे. भरलेला हप्ता सरकार परत देत नाही. तो आपल्या करपात्र उत्पन्नातून वजा होतो आणि त्या रकमेवर जो कर बसला असता तेवढाच वाचतो. आईवडिलांचा हप्ता ४८,००० रुपये असेल, तर करावर लागणारा ४ टक्के उपकर धरून ३० टक्क्यांच्या स्लॅबमधल्या मुलाचे १४,९७६ रुपये वाचतात, २० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये ९,९८४ रुपये, आणि ५ टक्क्यांच्या स्लॅबमध्ये फक्त २,४९६ रुपये. ज्याला कर लागतच नाही त्याचे काहीही वाचत नाही.

यापेक्षा मोठी अट अशी, की ही वजावट फक्त जुन्या करप्रणालीत मिळते. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून नवी करप्रणाली (कमी दर, पण बहुतेक वजावटी नाहीत) आपोआप लागू होते आणि जुनी हवी असल्यास ती मागून घ्यावी लागते. म्हणून पॉलिसी हातात घेण्याआधी कागद-पेन घेऊन दोन्ही प्रणालींचा हिशेब मांडावा.

साठ वर्षांखालील एका नोकरदाराचा पगार वर्षाला ११ लाख रुपये आहे असे धरू. नव्या प्रणालीत ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट (स्टँडर्ड डिडक्शन) गेल्यावर १०,२५,००० रुपये उरतात. पगाराचे करपात्र उत्पन्न १२ लाखांच्या आत असल्यामुळे कलम ८७ए च्या सवलतीने त्याचा कर शून्य होतो. जुन्या प्रणालीत प्रमाणित वजावट ५०,०००, कलम ८०सी (भविष्य निर्वाह निधी, आयुर्विमा यांसारखी गुंतवणूक) चे दीड लाख आणि ८०डी चे ७५,००० रुपये असे सर्व वजा केले तरी ८,२५,००० रुपये करपात्र राहतात आणि उपकरासह ८०,६०० रुपये कर भरावा लागतो. या माणसाने ८०डी साठी जुनी प्रणाली निवडली, तर तो सवलत घेण्याच्या नादात ऐंशी हजार रुपये गमावतो.

आता १८ लाख पगाराचे उदाहरण पाहू. नव्या प्रणालीत उपकरासह १,५०,८०० रुपये कर येतो. जुनी प्रणाली त्याहून स्वस्त ठरण्यासाठी प्रमाणित वजावट धरून एकूण वजावटी सुमारे ७ लाख ९२ हजारांच्या पुढे जायला हव्यात. घरभाडे भत्त्याची मोठी सूट किंवा गृहकर्जाचे व्याज असल्याशिवाय हा आकडा गाठणे अवघड आहे. पुण्यात किंवा बंगळुरूत मोठे भाडे देणारी, इंदूरच्या घरच्या आईवडिलांचा विमा भरणारी मुले या गटात येऊ शकतात. इंदुरात स्वतःच्या घरात राहणारा, कर्ज नसलेला नोकरदार सहसा येत नाही.

माझे स्पष्ट मत असे आहे, की केवळ ८०डी मुळे जुनी प्रणाली फायद्याची ठरते असे घर आज जवळजवळ नाही. ती ठरली तर घरभाडे, गृहकर्ज आणि ८०सी यांच्या जोडीनेच ठरते. हिशेबात नवी प्रणाली स्वस्त निघाली, तर टप्पा ३ ते ६ तुमच्यासाठी नाहीत. टप्पा २ आणि ७ मात्र अवश्य वाचावेत.

इशारा: शेअर किंवा म्युच्युअल फंडांच्या विक्रीतून झालेल्या, विशेष दराने कर लागणाऱ्या भांडवली नफ्यातून ८०डी ची वजावट करता येत नाही. निवृत्त मंडळींच्या उत्पन्नात असा नफा असेल, तर हिशेब स्वतंत्र मांडावा.

## टप्पा २: पावतीवरचा जीएसटी तपासा

२२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी काढून टाकण्यात आला आहे. यात फॅमिली फ्लोटर (एकाच विमा रकमेत सगळ्या कुटुंबाला संरक्षण देणारी पॉलिसी) आणि ज्येष्ठ नागरिकांच्या पॉलिसीही येतात. ३०,००० रुपयांच्या मूळ हप्त्यावर पूर्वी ५,४०० रुपये कर लागून ३५,४०० रुपये होत असत. आता ३०,००० रुपयेच द्यायचे आहेत. नव्या करप्रणालीतल्या कुटुंबासाठी आज प्रत्यक्ष हातात येणारी सवलत हीच आहे आणि तिच्यासाठी कोणताही अर्ज करावा लागत नाही.

समूह विम्याला ही सूट नाही. निवृत्त बँक कर्मचाऱ्यांच्या किंवा एखाद्या संस्थेच्या समूह पॉलिसीत नाव असेल, तर पावतीवर १८ टक्के कर दिसणारच. ती विमा कंपनीची चूक समजून भांडू नये.

## टप्पा ३: कोणाचा विमा, किती मर्यादा

येथे दोन वेगळे कप्पे आहेत, आणि त्यांची सरमिसळ हीच सर्वांत मोठी गफलत आहे.

पहिला कप्पा स्वतः, पती किंवा पत्नी आणि अवलंबून असलेली मुले यांचा. त्याची मर्यादा २५,००० रुपये आहे आणि यांपैकी कोणी ज्येष्ठ नागरिक असल्यास ५०,००० रुपये. दुसरा कप्पा आईवडिलांचा. त्याचीही मर्यादा २५,००० रुपये आहे आणि दोघांपैकी एकजण जरी ज्येष्ठ असेल तरी ५०,००० रुपये. दोन्ही कप्पे मिळून जास्तीत जास्त एक लाख रुपयांची वजावट होते. पहिल्या कप्प्यात उरलेली जागा दुसऱ्यासाठी वापरता येत नाही.

ज्येष्ठ नागरिक म्हणजे त्या आर्थिक वर्षात कधीही साठ वर्षे पूर्ण झालेली, भारतात निवासी असलेली व्यक्ती. वडिलांचा साठावा वाढदिवस फेब्रुवारी २०२६ मध्ये झाला असेल, तरी २०२५-२६ या संपूर्ण वर्षासाठी ५०,००० ची मर्यादा लागू होते.

आता नात्यांविषयी. आईवडील आपल्यावर अवलंबून असण्याची अट नाही. त्यांना पेन्शन असली तरी मुलगा किंवा मुलगी त्यांचा हप्ता भरून वजावट घेऊ शकते. लग्न झालेली मुलगीही स्वतःच्या आईवडिलांसाठी हा हक्क सांगू शकते, हे आपल्याकडे अजून अनेकांना ठाऊक नसते. सासू-सासरे मात्र ‘आईवडील’ या शब्दात बसत नाहीत. सुनेचा पगार मोठा आहे म्हणून सासूबाईंचा हप्ता तिच्या खात्यातून भरला, तर तो खर्च घरासाठी योग्यच असेल, पण तिला वजावट मिळणार नाही. तोच हप्ता मुलाच्या खात्यातून भरायला हवा होता. भाऊ-बहीण, काका, आत्या यांच्या हप्त्यावरही व्यक्तीला वजावट नाही. नोकरीला लागलेला, स्वतः कमावणारा मुलगा ‘अवलंबून’ राहत नाही. हिंदू अविभक्त कुटुंबाचे स्वतंत्र विवरणपत्र भरले जात असेल, तर त्या कुटुंबाच्या कोणत्याही सदस्याचा हप्ता कुटुंबाच्या खात्यातून भरून कुटुंबाच्या विवरणपत्रात वजावट घेता येते.

एकाच फ्लोटर पॉलिसीत पती-पत्नी, मुले आणि आईवडील असे सगळे असतील, तर विमा कंपनीकडून सदस्यनिहाय हप्त्याचे विभाजन लेखी मागून घ्यावे. ते हाती नसेल तर कोणत्या कप्प्यात किती रक्कम लिहायची, हे अंदाजावर सोडावे लागते आणि अंदाजाला पुरावा नसतो.

तपासा: वैयक्तिक अपघात विम्याचा हप्ता ८०डी मध्ये येत नाही. कंपनीने कर्मचाऱ्यासाठी भरलेला समूह विम्याचा हप्ताही येत नाही. मात्र त्यातला जो हिस्सा पगारातून कापला गेला तो येतो.

## टप्पा ४: हप्ता कोणाच्या खात्यातून आणि कसा भरायचा

हा टप्पा मी मुद्दाम लांबवून लिहितो आहे, कारण बहुतेक वजावटी येथेच हातून जातात.

हप्ता रोखीने भरल्यास वजावट मिळत नाही. धनादेश, नेट बँकिंग, डेबिट किंवा क्रेडिट कार्ड, यूपीआय हे सर्व मार्ग चालतात. वजावट मिळते ती पैसे भरणाऱ्याला. पॉलिसी कोणाच्या नावावर आहे एवढ्यावरून ती ठरत नाही.

आता नेहमीचा प्रसंग पाहा. पुण्यातला मुलगा वडिलांना यूपीआयने ४०,००० रुपये पाठवतो. वडील इंदूरच्या लोकमान्यनगरातल्या घरातून स्वतःच्या कार्डाने हप्ता भरतात. मुलाच्या मनात हप्ता त्यानेच भरला आहे. कागदावर मात्र मुलाने वडिलांना पैसे दिले आणि हप्ता वडिलांनी भरला. वजावट घ्यायचीच तर ती वडिलांनी घ्यायची, आणि वडिलांच्या उत्पन्नावर बहुधा करच लागत नाही. मुलाने आपल्या खात्यातून थेट विमा कंपनीला पैसे पाठवले असते, तर हा प्रश्न उभाच राहिला नसता.

दुसरा प्रसंग एजंटचा. वर्षानुवर्षे घरी येणारे ओळखीचे गृहस्थ रोख रक्कम घेतात आणि स्वतःच्या कार्डाने ऑनलाइन हप्ता भरून पावती आणून देतात. पॉलिसी चालू राहते, पावतीवर ‘ऑनलाइन’ असेही छापलेले असते, पण आपण दिलेले पैसे रोख आणि भरणा दुसऱ्याच्या कार्डाचा. माझ्या आईच्या पॉलिसीबाबत आमच्या घरी दोन वर्षे हेच चालले होते आणि ती दोन्ही वर्षे वजावट सोडून द्यावी लागली. ते गृहस्थ प्रामाणिक होते. चूक आमची होती, कारण आम्ही सोय पाहिली आणि पावतीमागचा भरणा पाहिला नाही.

दोन भावंडांनी आईवडिलांचा खर्च वाटून घ्यायचा असेल, तर प्रत्येकाला त्याने प्रत्यक्ष भरलेल्या रकमेवरच वजावट मिळते. एकच हप्ता दोघांनी पूर्ण दाखवणे हा सरळ गैरप्रकार आहे. सोपा मार्ग असा: आईची पॉलिसी एकाने, वडिलांची दुसऱ्याने भरावी. मग पावत्या आपोआप वेगळ्या राहतात आणि प्रत्येकाला स्वतःची वेगळी मर्यादा मिळते.

भरण्याची तारीख महत्त्वाची आहे. १ एप्रिल ते ३१ मार्च या काळात भरलेला हप्ता त्या वर्षात धरला जातो. दोन किंवा तीन वर्षांचा हप्ता एकदम भरला असेल, तर तो त्या वर्षांत समान भागांत वाटला जातो: तीन वर्षांचे ६०,००० रुपये भरले, तर दर वर्षी २०,००० रुपयांची वजावट. पहिल्याच वर्षी सगळी रक्कम लिहिणे चूक आहे, आणि पुढच्या दोन वर्षांत लिहायला विसरणे ही त्याहून जास्त वेळा होणारी चूक आहे. अशा पॉलिसीची पावती पुढच्या दोन वर्षांच्या फायलींतही प्रत काढून ठेवावी.

इशारा: मार्च अखेरच्या घाईत पॉलिसीचा प्रस्ताव अर्ज एजंटला भरू देऊ नये. मधुमेह, रक्तदाब, जुनी शस्त्रक्रिया यांपैकी काहीही त्यात लिहायचे राहिले, तर दावा नाकारला जाऊ शकतो. मग वाचलेल्या कराला काही किंमत उरत नाही. पॉलिसी हाती आल्यावर ३० दिवसांत ती परत करता येते. त्या मुदतीत अर्जाची प्रत शब्दशः वाचून घ्यावी.

## टप्पा ५: हप्त्याशिवाय काय धरता येते

प्रतिबंधात्मक आरोग्य तपासणीचे ५,००० रुपयांपर्यंत धरता येतात आणि हा खर्च रोखीने केला तरी चालतो. ही ५,००० ची मर्यादा स्वतःचे कुटुंब आणि आईवडील मिळून एकच आहे, आणि ती २५,००० किंवा ५०,००० च्या आतच बसते. हप्ता आधीच मर्यादेपर्यंत पोहोचला असेल, तर तपासणीचा वेगळा फायदा नाही.

ज्या ज्येष्ठ नागरिकाच्या आरोग्य विम्यासाठी काहीच हप्ता भरलेला नाही, त्याच्या औषधोपचाराचा खर्च ५०,००० रुपयांच्या मर्यादेत धरता येतो. वय किंवा आजार यांमुळे ज्यांना पॉलिसी मिळत नाही, त्यांच्या घरांना या तरतुदीचा खरा आधार आहे. हा खर्च मात्र रोखीने केलेला चालत नाही. औषधाच्या दुकानात दर महिन्याला रोख पैसे देण्याची सवय असेल, तर ती मोडून यूपीआयने द्यावेत आणि रुग्णाच्या नावाचे बिल मागावे.

वडिलांची पॉलिसी आहे आणि आईची नाही, असे असेल तर दोन्ही एकत्र येतात. वडिलांचा हप्ता ३०,००० आणि आईच्या उपचारांचा खर्च २८,००० असेल, तर बेरीज ५८,००० होते, पण वजावट ५०,००० रुपयांचीच मिळते. वडिलांच्या उपचारांचा खर्च मात्र येथे दाखवता येणार नाही, कारण त्यांचा विमा आहे.

## टप्पा ६: पुरावे, मालकाला कळवणे आणि विवरणपत्र

फाइल. विमा कंपनीचे ८०डी प्रमाणपत्र, पॉलिसीचे पहिले पान, ज्या खात्यातून रक्कम गेली त्या खात्याच्या उताऱ्याचे पान, फ्लोटर असल्यास विभाजनाचे पत्र, तपासणीची पावती आणि आईवडिलांचा जन्मतारखेचा पुरावा, एवढे कागद एकत्र ठेवावेत. इंदुरातल्या कर सल्लागारांकडचे कागद बहुधा हिंदीत असतात. तिथे कलमाऐवजी ‘धारा’ आणि ज्येष्ठ नागरिकाऐवजी ‘वरिष्ठ नागरिक’ लिहिलेले असेल. अर्थ तोच आहे.

नोकरदारांसाठी. वर्षाच्या सुरुवातीला मालकाला जुनी प्रणाली हवी असल्याचे कळवावे आणि मागतील तेव्हा फॉर्म १२बीबी (वजावटींची माहिती मालकाला देण्याचा अर्ज) सोबत पुरावे द्यावेत. हे राहिले, तर जास्त कर कापला जातो, पण हक्क जात नाही. व्यवसायाचे उत्पन्न नसेल, तर विवरणपत्रात प्रणाली बदलता येते आणि तिथे वजावटही घेता येते.

मुदत. जुनी प्रणाली निवडायची असेल, तर विवरणपत्र मूळ मुदतीतच भरावे लागते. नोकरदार आणि पेन्शनर यांच्यासाठी ही मुदत सर्वसाधारणपणे ३१ जुलै असते. मुदतीनंतर भरलेल्या विवरणपत्राला नवी प्रणालीच लागू होते आणि ८०डी ची वजावट जाते. दंड भरून उशिरा विवरणपत्र देता येते, एवढ्यावर विसंबून राहू नये. ज्यांना व्यवसायाचे उत्पन्न आहे त्यांना जुनी प्रणाली निवडण्यासाठी फॉर्म १०-आयईए मुदतीत भरावा लागतो, आणि जुनीकडून पुन्हा नवीकडे गेल्यावर व्यवसाय चालू असेपर्यंत परतीची वाट बंद होते.

पहिला प्रश्न. आयकर विभागाच्या संकेतस्थळावरील विवरणपत्रात ‘नव्या प्रणालीतून बाहेर पडायचे आहे का’ अशा अर्थाचा प्रश्न असतो. जुनी हवी असल्यास उत्तर ‘होय’ द्यायचे. ‘नवी नको’ असे मनात म्हणत ‘नाही’ निवडणारे अनेकजण आहेत, आणि मग पुढे ८०डी चा तक्ता का उघडत नाही हे त्यांना कळत नाही.

८०डी चा तक्ता. येथे आधी दोन गोष्टी विचारल्या जातात: स्वतः किंवा कुटुंबात, आईवडील सोडून, कोणी ज्येष्ठ आहे का; आणि आईवडिलांपैकी कोणी ज्येष्ठ आहे का. ही उत्तरे दिल्यावरच योग्य रकाने उघडतात. हप्ता, आरोग्य तपासणी आणि उपचारांचा खर्च यांचे रकाने वेगळे आहेत. निर्धारण वर्ष २०२५-२६ पासून विमा कंपनीचे नाव आणि पॉलिसी क्रमांकही लिहावा लागतो. प्रत्यक्ष भरलेली रक्कम लिहावी. मर्यादा लावण्याचे काम तक्ता करतो.

पडताळणी. विवरणपत्र सादर केल्यापासून ३० दिवसांत ई-पडताळणी झाली नाही, तर सगळे श्रम वाया जातात. परतावा येणार असेल, तर बँक खाते संकेतस्थळावर आधीच प्रमाणित केलेले असावे.

इशारा: कमिशनवर ‘मोठा परतावा काढून देतो’ म्हणणाऱ्यांकडे जाऊ नये. ते न भरलेले हप्ते दाखवतात. जुलै २०२५ मध्ये आयकर विभागाने अशाच बनावट वजावटींविरुद्ध देशभर मोहीम हाती घेतली होती. चुकीच्या माहितीने उत्पन्न दडवल्याचे सिद्ध झाले, तर कलम २७०ए नुसार बुडवलेल्या कराच्या २०० टक्के दंड होऊ शकतो, आणि सही आपली असल्यामुळे उत्तर आपल्यालाच द्यावे लागते.

## टप्पा ७: घरात सत्तरी ओलांडलेले कोणी असल्यास

हा करसवलतीचा भाग नाही, पण आईवडिलांचा हप्ता ठरवण्याआधी हे काम करून घ्यावे. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षे आणि त्यावरील सर्वांना, उत्पन्न कितीही असले तरी, आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयातील उपचारांचे संरक्षण आहे. खासगी पॉलिसी असली तरी हे कार्ड काढता येते. केंद्र सरकारी आरोग्य योजनेसारख्या सरकारी योजनेचा लाभ घेणाऱ्यांना मात्र दोहोंपैकी एक निवडावे लागते. आधार कार्ड आणि मोबाइल घेऊन आयुष्मान ॲपवर किंवा योजनेशी जोडलेल्या रुग्णालयातल्या मदत कक्षात ई-केवायसी करता येते.

कार्ड निघाले म्हणून जुनी खासगी पॉलिसी लगेच बंद करू नये. आधी आपण ज्या रुग्णालयात नेहमी जातो ते या योजनेत आहे का, हे रुग्णालयातच विचारून घ्यावे. सलग साठ महिने चालू राहिलेल्या पॉलिसीत, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, माहिती दडवल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही. पॉलिसी एकदा तुटली की हा काळ पुन्हा शून्यापासून मोजावा लागतो, आणि सत्तरीनंतर नव्याने पॉलिसी मिळवणे किती कठीण असते हे ज्यांनी प्रयत्न केला त्यांना ठाऊक आहे.